गवतकाडीची पांढरी रेघ

मंगळवार, ४ जून

निसर्ग मंडळाच्या बाईंचा हुकूम आहे की रोज पाहिलेले रोज लिहायचे. उद्यावर टाकले की माणूस मनाचे घालतो म्हणे. म्हणून आजपासून ही दैनंदिनी. सगळा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेला. दुसऱ्यांच्या पानांवरच्या वेलांट्या सरळ केल्या, पण स्वतःचे म्हणून चार ओळी कधी लिहिल्या नाहीत. आता बसलो तर प्रत्येक शब्दाशी अडतो आहे. ही मघाशी डोकावून म्हणाली, "अहो, तुमचं शुद्धलेखन होईपर्यंत तो पतंग म्हातारा होईल."

असो. आमच्या घरांच्या ओळीमागे मोकळे कुरण आहे. सकाळी दव असताना त्यात शिरले की पावलागणिक काहीतरी फिकट उडते, दोन-चार हात जाते आणि दिसेनासे होते. हे दिसेनासे होणे हीच त्याची सगळी हुशारी. गवताच्या काडीवर तो पतंग डोके खाली करून बसतो, पंख अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतो आणि तोंडापुढे चोचीसारखे काहीतरी काढतो. पाहणाऱ्याला वाटते, काडीच आहे. मंडळाच्या पुस्तकात त्याला जीभ अडखळेल असे नाव आहे. मी आपले 'गवतकाडी' म्हणतो.

पुस्तक म्हणते, अतिशय सामान्य. पुढच्या पंखावर पांढरी रेघ, आणि मध्ये एक तिरकी तपकिरी पट्टी आल्यामुळे ती रेघ तुटलेली. या गवतकाडीची एक चुलत बहीण, म्हणजे जवळची जात आहे, तिची रेघ सलग. पण ती इकडे कुणी पाहिलेली नाही.

रविवार, ९ जून

सापडली. सलग रेघ!

काडीवर बाटली अलगद उपडी घातली आणि झाकण लावले. घाईत एक पंख झाकणात अडकला. हाताने सोडवला, मग फोटो काढला, मग सोडून दिले. उडाली नीट. फोटो मोठा करून पाहिला तर रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठे खंड नाही. मी मुद्रितशोधक माणूस, रेघ तुटली आहे की नाही हे मला कुणी सांगायला नको.

हात लावायचा नाही हा मंडळाचा पहिला नियम. बाईंना फोन केला तेव्हा एवढे एक सांगायचे राहिले. राहिले म्हणजे मीच गाळले. एवढ्याने काय होते?

गुरुवार, १३ जून

बाई स्वतः आल्या. कॉलेजात कीटक शिकवतात, बोलताना चष्मा कपाळावर चढवतात. फोटो बघून दोनदा चष्मा खाली आला. "काका, तुम्हाला कल्पना आहे का हे काय आहे?" मला होती, पण ऐकायला बरे वाटत होते म्हणून नाही म्हणालो.

मग त्या कुरणाच्या कडेला पडलेल्या खडीच्या ढिगाकडे बघून म्हणाल्या, "आता हे थांबवता येईल."

ही खडी रस्त्याची. पालिका कुरणातून आमच्या परसदारापर्यंत रस्ता आणणार आहे, आणि तो ज्यांना हवा आहे त्यांत पहिला माझा दादा. दादा चार घरे सोडून राहतो. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. मंगळवार, गुरुवार, शनिवार इस्पितळाची गाडी डायलिसिसला न्यायला येते, पण आमच्या पुढच्या गल्लीला नुसत्या पायऱ्या. गाडी मोठ्या रस्त्यावर थांबते आणि दादा वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून उतरतो. परतताना तेवढ्याच पायऱ्या चढून. रस्ता झाला तर गाडी परसदारी लागेल.

मी बाईंना म्हणालो, "रस्त्याची आमच्या घरी गरज आहे हो." त्या म्हणाल्या, "रस्ता वळसा घालून नेता येतो, पतंगाला नाही." उत्तर शोधायचे मी टाळले.

संध्याकाळी दादाकडे जाऊन कबूल करून टाकले की माझ्या पतंगामुळे रस्ता लांबेल बहुधा. मला वाटले चिडेल. तर हा माणूस उठून बसला! "म्हणजे आख्ख्या भागात तूच पहिला? अगं ऐकलंस का, आपला पतंग निघाला!" वहिनी ओट्याशी भांडी घासत होती. नळ चालू होता, तिला ऐकू गेले की नाही कळले नाही.

शनिवार, २२ जून

मंडळाचे वार्तापत्र आले. पहिल्या पानावर फोटो, खाली माझे नाव. आडनावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडली आहे. इतकी वर्षे असली चूक पाहिली की माझा हात आपोआप तांबड्या पेनाकडे जायचा. आज गेला नाही.

दादाने तो अंक मागून घेतला आणि इस्पितळात नेला. शेजारच्या खाटेवरच्या रिक्षावाल्याला, सुया टोचणाऱ्या सिस्टरला, सगळ्यांना दाखवून झाला. सिस्टर म्हणाली, "हा? असले आमच्या बाथरूममध्ये पण येतात." त्यावर दादाने तिला रेघ कशी सलग असते ते समजावले. पठ्ठ्याला सगळे पाठ झाले आहे. डोके खाली करून बसतो, मादी उडता उडता गवतात अंडी सोडून देते, अळी गवताच्या बुडाशी रेशमाची नळी करून राहते. मी एकदाच सांगितले होते.

मंगळवार, २ जुलै

रस्त्याचे काम थांबले. खडीच्या ढिगाभोवती पालिकेने दोरी बांधली आहे आणि पाटी लावली आहे. बाई पेढा मिळाल्यासारख्या फोनवर बोलत होत्या. मी "वा, वा" म्हणालो, पण माझाच आवाज मला उसना वाटला.

वहिनी परसदारी कपडे वाळत घालत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भावजी, तो पतंग थोडा सरकून नाही का राहू शकत?"

"वहिनी, तसं नसतं ना ते."

"नाही, मी आपलं विचारलं. तुम्हाला माहिती सगळी."

आतून दादा ओरडला, "त्याला काय विचारतेस? मी उतरतो की पायऱ्या. तेवढाच व्यायाम होतो."

वहिनी कपड्यांना चिमटे लावत राहिली.

गुरुवार, ११ जुलै

हे लिहू नये असे वाटते आहे.

सकाळी आणखी एक गवतकाडी बाटलीत धरली. नेहमीची, तुटक्या रेघेची. ती तपकिरी पट्टी मी नीट पाहिली होती, त्यात शंका नाही. झाकण लावताना त्या दिवसासारखाच पंख अडकला, त्या दिवसासारखाच चिमटीत धरून सोडवला. आणि पाहतो तर पट्टी नाही. रेघ सलग. अंगठ्यावर तपकिरी भुकटी.

पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे बारीक खवले, बोट लागले की निघतात, हे पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर छापले आहे. पट्टीचे खवले गेले की खालचा पांढुरका पडदा उघडा पडतो आणि रेघ जोडली जाते. खात्री करावी म्हणून आणखी एक धरली आणि मुद्दाम अंगठा फिरवला. तीही दुर्मिळ झाली.

म्हणजे जूनमध्ये मी दुर्मिळ पतंग शोधला नव्हता, तयार केला होता.

हात साबणाने धुतले. हिने विचारले, "काय झालं? चेहरा का असा?" म्हटले, ऊन लागले.

मंगळवार, १६ जुलै

सांगायला हवे. कुणाला आधी, हेच ठरत नाही. बाईंना सांगावे तर त्यांचे तोंड पडेल, पालिकेला सांगावे तर बाईंची फजिती. आणि दादा? काल त्याने ते वार्तापत्र पुठ्ठ्यावर चिकटवले.

खरे कारण हे की मला सांगायचे नाही. छापलेल्या नावाची चटक इतकी असते हे ठाऊक नव्हते. ज्यांची नावे मी जन्मभर तपासत आलो त्यांना मनातल्या मनात हसायचो.

दादाकडे डोकावलो तर आज तो घरीच. म्हणाला, "आज सुट्टी दिलीय त्यांनी." मोठी मजा आहे. पण दिसतो मात्र छान, गाल चांगले वर आले आहेत. वहिनीला म्हटले, "दादा बाळसं धरतोय हं." ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. हल्ली तिचा स्वभाव तुटक झाला आहे. माझ्यावर राग असणार, आणि तो वाजवी आहे.

शनिवार, २० जुलै

बाईंकडे जाऊन आलो. खोलीभर काचेच्या पेट्या, त्यांत टाचणीला टोचलेले पतंग, प्रत्येकाखाली अक्षर सुरेख. सगळे सांगितले. झाकण, चिमूट, अंगठा.

त्या बराच वेळ चष्म्याची काडी चावत होत्या. मग म्हणाल्या, "फोटोत रेघ सलग आहे, काका. तुमचा अंगठा फोटोत नाही."

"पण मला ठाऊक आहे ना."

"तुम्हाला वाटतंय. त्यानंतर आणखी तिघांनी ही जात पाहिल्याचं कळवलंय."

"त्यांनीपण चिमटीतच धरली असेल."

यावर त्यांना हसू आले, मलाही आले. मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की रस्ता झाला तर ते कुरण संपेल, साध्या गवतकाडीसकट, आणि साध्या गवतकाडीसाठी कुणी एक दगड हलवत नाही. "मोसम संपेपर्यंत थांबा. खरी सापडेलही."

बाई लबाड नाहीत. त्यांना कुरण हवे आहे एवढेच. पण मी काय करून आलो? मी "बरं" म्हणालो. म्हणालो आणि पाय हलके झाले, येताना वाटेत पेरू घेतले. पेरू खाताना स्वतःची लाज वाटली.

गुरुवार, २५ जुलै

दादा पुन्हा घरी. "गाडी बिघडली म्हणे." मला तर सकाळी मोठ्या रस्त्यावर तिचा हॉर्न ऐकल्यासारखे वाटले होते, नेहमीचा, दोनदा लांब. दुसरी कुठली असेल. इस्पितळवाल्यांच्या कारभाराला काही ताळतंत्र नाही, एकदा पत्र लिहून खडसावले पाहिजे.

दादाला चपला होत नाहीत, म्हणून माझ्या मोठ्या मापाच्या सपाता नेऊन दिल्या. उशांना टेकून बसला होता. आडवे पडले की धाप लागते म्हणाला, उकाडा फार आहे ना. मला विचारले, "आपल्या पतंगाचं काय नवीन?" मी खाली बघून म्हणालो, "ठीक चाललंय."

मंगळवार, ३० जुलै

दादा इस्पितळात आहे. पहाटे श्वास कोंडला. शेजारच्या दोघांनी आणि मी त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून पायऱ्यांवरून खाली नेला. प्रत्येक पायरीला खुर्ची कलत होती आणि तो माझ्या मनगटाला धरून "सावकाश, सावकाश" म्हणत होता, जसे काही उचलणारा तो आणि बसलेला मी.

फुप्फुसात पाणी भरले आहे. डॉक्टरने विचारले, "डायलिसिस का चुकवलं?" मी ठणकावून सांगितले, "चुकवलं नाही, तुमची गाडीच येत नव्हती." डॉक्टर वहिनीकडे बघायला लागला.

बाहेर बाकावर तिने सांगितले. गाडी प्रत्येक वेळी येत होती. "पायऱ्या होईनात, भावजी. येताना मधेच बसायचे, पुन्हा उठवेना. मग आठवड्यातून एकदा दांडी मारायला लागले. मी म्हटलं, भावजींना सांगते, पालिकेत जाऊ देत त्यांना. तर मला शपथ घातली. म्हणाले, जन्मभर लोकांची नावं नीट करत आला तो, पहिल्यांदा त्याचं नाव छापून आलंय, तू मध्ये पडू नकोस."

आणि मी तिला म्हणालो होतो, बाळसे धरतोय. ती सूज होती. ओळ न् ओळ तपासणारा माणूस मी, भावाचा चेहरा मला वाचता आला नाही.

गुरुवार, १ ऑगस्ट

मोसम संपायची वाट न बघता पालिकेत गेलो. इंजिनिअर तरुण आहे, टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या. मी म्हणालो, माझी नोंद चुकीची आहे, मागे घेतो.

"म्हणजे पतंग नाहीच?"

"पतंग आहे. पण तो तो नाही."

"मग हा कोण?"

"हा साधा."

त्याने पेन खाली ठेवले. "काका, तुमच्या त्या पतंगासाठी मी माझी यंत्रं नदीपलीकडच्या कामाला पाठवली. आता ती कधी परत येतील ते मलाच ठाऊक नाही." लेखी घेतले, सही घेतली. आवाज चढवला असता तर बरे वाटले असते. तोही चढवला नाही.

बाईंना फोन केला. त्या फक्त म्हणाल्या, "थांबायला हवं होतं तुम्ही." फोन ठेवल्यावर कळले की एका महिन्यात मी रस्ताही घालवला आणि कुरणही.

तिथून इस्पितळात गेलो आणि वहिनीला सांगितले. तिने विचारले, "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"जुलैत. सुरुवातीला."

ती डबा पुसत होती. पुसून झाला तरी पुसत राहिली. "म्हणजे ते दांड्या मारत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं की तसं काही नाहीये."

"हो."

तिने शिवी दिली असती तरी चालले असते. ती म्हणाली, "त्यांना मात्र सांगू नका. खाटेवर पडून दिवसभर तेच बोलतात. तेवढंच उरलंय त्यांना."

मी मान डोलावली. हीही रात्री जेवताना म्हणाली, "वहिनी म्हणतात तसंच करा." मला ते फार सोयीचे वाटले, हेही इथे लिहून ठेवतो.

शनिवार, १० ऑगस्ट

दादा घरी आला. खंगला आहे, पाय मात्र अजून सुजलेले. पायऱ्या उतरणे आता कायमचे बंद. इस्पितळातून चाकांची खुर्ची मिळाली आहे. गाडीवाला म्हणाला, कुरणाच्या पलीकडच्या टोकाला गाडी उभी करतो, तिथवर तुम्ही आणा. रस्ता असता तर परसदारी आला असता, हे तो सहज बोलून गेला. त्याला काय ठाऊक.

आजपासून ढकलायचे काम माझे. वहिनी नको म्हणाली नाही.

मंगळवार, १३ ऑगस्ट

आज पहिल्यांदा दादाला कुरणातून नेले.

दव होते, खुर्चीची पुढची चाके गवताच्या ठोंबांत अडकत होती. ढकलायचे, मागे ओढायचे, पुन्हा ढकलायचे. चाकांसमोरून गवतकाड्या उडत होत्या, थोड्या पुढे जाऊन काडीला चिकटत होत्या. पलीकडे गाडीने हॉर्न दिला, दोनदा लांब.

थोड्या अंतरावर माझ्या लक्षात आले की दादाने दोन्ही पाय पायपट्टीवरून उचलून वर धरले आहेत. हातांनी खुर्चीचे दांडे आवळलेले, मांड्या थरथरत होत्या. मी म्हणालो, "दादा, पाय खाली ठेव ना."

"पट्टी गवताला घासते रे. मध्ये सापडतील बिचारे."

"अरे, दमशील."

"तू नीट बघून चल. ते बघ, तिथे जास्त उडतायत. तिथून नको, उजवीकडून घे."

मी उजवीकडून घेतले. पुन्हा म्हणाला, "आता डावीकडून." डावीकडून घेतले. सरळ जायचे ते आम्ही वेडेवाकडे चाललो होतो आणि गाडी वाट बघत होती. त्याचे पाय आणखी कापायला लागले. सुजल्या पावलांत माझ्या सपाता रुतलेल्या दिसत होत्या. त्याला धाप लागली तरी पाय काही खाली येईनात. मान वळवून हसत विचारतो, "यांतला आपला कुठला रे? दाखव तरी एकदा."

वहिनीला शब्द दिला होता. मला तो ठेवता आला नाही.

खुर्ची थांबवली आणि त्याच्या पाठीमागूनच बोललो, समोर यायचा धीर झाला नाही. "दादा, सगळे साधेच आहेत. तोही साधाच होता. माझ्या अंगठ्याने त्याचा रंग पुसला गेला होता, म्हणून रेघ तशी दिसली."

तो समोर बघत होता. "पुस्तकातला नाही?"

"पुस्तकात आहे. सामान्य म्हणून."

"तुला कधी कळलं?"

"जुलैत."

गाडीने पुन्हा हॉर्न दिला. दादाने आधी एक पाय खाली ठेवला, मग दुसरा. सपाता पट्टीवर नीट टेकवल्या, दांड्यांवरचे हात सोडून मांडीत घेतले.

"मग सरळ चल," तो म्हणाला.

मी खुर्ची सरळ घातली.